सापशिडीचा पट वर्गात मांडताना

पहिल्यांदा वर्गात खेळ घेतला तेव्हा मी पाढ्यांच्या भेंड्या लावल्या होत्या. दोन गट पाडले, चुकेल तो बाद. दहा मिनिटांनी पाहते तर पाढे पाठ असलेली चार मुलं उभी राहून खणखणीत उत्तरं देतायत आणि ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप केला ती बावीस मुलं खाली बसून एकमेकांच्या पाठीवर बोटानं नावं लिहितायत. हशा भरपूर, गलका भरपूर. त्या वेळी कुणी तपासणीला आलं असतं तर ‘आनंददायी अध्यापन’ असा शेराही मिळाला असता. शिकलं मात्र कुणीच नाही. ज्यांना पाढे येत होते त्यांना ते आधीच येत होते.

त्यानंतर बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवताना खेळ घेत आले, त्यातून जे हाती लागलं ते इथे सांगते. नव्यानं शिक्षक झालेल्यांना आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईबाबांना, आजीआजोबांना ते उपयोगी पडेल. दहा खेळांची यादी देणार नाही, ती कुठेही मिळते. एकच खेळ धरून चालते, सापशिडी. तो सगळ्यांच्या घरी असतो, मुलांना नियम समजावत बसावं लागत नाही आणि नीट मांडला तर दुसरीचं निम्मं संख्याज्ञान त्यात बसतं.

आधी अडलेली जागा शोधा

‘कोणता खेळ घेऊ?’ असं नवे शिक्षक विचारतात तेव्हा मी उलट विचारते, पोरं अडतात कुठे? ते नेमकं सांगता आलं पाहिजे. ‘गणित कच्चं आहे’ हे उत्तर नव्हे.

आमच्याकडे मुलं अडतात ती संख्यांच्या नावांवर. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी कानावर पडतात, वीस मागून. मग मूल वहीत ५२ लिहितं. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात दोन दशक, म्हणून ३९ लिहिणारी मुलं दर वर्षी भेटतात. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी हे तर एकाच घरातले चार भाऊ, मोठ्यांचीही जीभ अडखळते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ असंही वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विषय विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरांनी भरलेल्या या नावांमुळे मुलांच्या मनात गणिताची धास्ती बसते. मला ते पटतं. पण बाजारात वाणी ‘एकोणसाठ रुपये’च म्हणतो, तेव्हा एकोणसाठ आल्यावाचून सुटका नाही हेही खरं. मुलांनी ही नावं पन्नास वेळा उच्चारायला हवीत, तीही कंटाळा न येता. इथे खेळाचं काम सुरू होतं.

खेळ निवडताना एक कसोटी लावा. खेळातलं गणित काढून घेतलं तरी खेळ तसाच चालतो का? चालत असेल तर तो खेळ सोडा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच ‘शैक्षणिक’ खेळांमध्ये एक कार्ड उचलायचं, त्यावरचा प्रश्न सोडवायचा आणि मग फासा टाकायला मिळतो. मूल प्रश्न कसाबसा उरकतं आणि फाशाकडे धावतं. गणित म्हणजे खेळाच्या दारातला टोलनाका होतो. खेळी करणं म्हणजेच गणित करणं, असं व्हायला हवं. सोंगटी पुढे सरकवायची तर मोजावंच लागतं, त्यातून सुटका नाही. सापशिडी म्हणून तर कामाची.

आता थोडं विषयांतर. सापशिडी मुळात शिकवण्यासाठीच होती. तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट, तो ज्ञानेश्वरांनी रचला असं आपल्याकडे परंपरेनं सांगतात. जुन्या पटांवर घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावं असत, शिडी पुण्याची, साप पापाचा. ७२ घरांचे, ८४ घरांचे असे वेगवेगळे पट होते. हा खेळ इंग्लंडला जाऊन परत आला तेव्हा घरांवरची नावं हळूहळू पुसली गेली आणि नुसते आकडे राहिले. आपल्याला आकडेच हवेत, त्यामुळे तक्रार नाही. पण पट आपल्या कामाप्रमाणे बदलून घ्यायचा असतो, ही चाल मुळातलीच आहे.

पट स्वतः काढा

बाजारचा पट दुसरीच्या मुलांना गोंधळात पाडतो. त्यात पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे. त्यामुळे ७ च्या डोक्यावर १४ येतो. वर्गातल्या भिंतीवरच्या शंभराच्या तक्त्यात मात्र प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू होते. मुलानं कुठला खरा मानायचा?

म्हणून मी पट असा काढते. सगळ्यात खालच्या ओळीत १ ते १०, तिच्यावर ११ ते २०, प्रत्येक ओळ डावीकडून. १० वरून ११ वर जायला कडेनं एक बाण. आता ७ च्या डोक्यावर १७ येतो, त्याच्यावर २७. एक घर वर म्हणजे एक दशक वाढलं, हे शिकवावं लागत नाही, दिसतं.

आणि शिड्या-साप तिरपे काढू नका, सरळ उभे काढा. २३ वरून शिडी ५३ वर. ८७ च्या सापाची शेपटी ४७ वर. साप गिळतो तेव्हा मूल ओरडतं, ‘बाई, माझी चार दशकं गेली!’ हे वाक्य मी कधी शिकवलं नाही. उभ्या सापानं ते शिकवलं. चार शिड्या आणि चार साप पुरतात, जास्त काढले तर मुलं निम्मा वेळ नुसतीच वरखाली करतात.

पटासाठी जुना फ्लेक्स मागून आणा. गावात वाढदिवसाचे नि निवडणुकांचे इतके लागतात की मागायची लाज नको. मागची बाजू पांढरी असते. एक मीटर चौरस कापून दहा-दहा सेंटीमीटरची घरं आखा. मार्करनं लिहिलेले आकडे महिन्याभरात पुसट होतात, ऑइल पेंट टिकतो. सोंगट्यांसाठी शर्टाची रंगीत बटणं चांगली. खडे नकोत, घरंगळतात. लाकडी फासा शहाबादी फरशीवर इतका वाजतो की सहा पट एकदम चालू झाले तर शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहतात. फोमचा घ्या, नाहीतर खाली सतरंजी घाला.

फासा हरवतोच. तेव्हा चार चिंचोके. दोन मोठे चिंचोके फोडून चार अर्धुकं करायची आणि आतली बाजू खडबडीत दगडावर घासून गुळगुळीत पांढरी करायची. चारही एकदम टाकायची. पांढरी जितकी वर तितकं दान, चारही काळी पडली तर आठ. ज्यांच्या घरी आजी आहे त्या मुलांना हे दान आधीच ठाऊक असतं आणि त्या दिवशी ती वर्गाची गुरुजी होतात. (सातवीला शिकवणाऱ्यांसाठी जाता जाता: चार अर्धुकं पडण्याचे सोळा प्रकार, त्यात दोनचं दान सहा प्रकारांनी पडतं आणि आठचं एकाच. पण चिंचोका काही नाण्यासारखा दोन्हीकडून सारखा नसतो. मुलांना शंभर वेळा टाकून खुणा करायला लावा आणि सोळातल्या सहाशी ताडून पाहायला सांगा. संभाव्यतेचा अख्खा तास निघतो.)

पहिलीच्या मुलांना मात्र एकदम शंभराचा पट देऊ नका. सरळ पट्टीवर १ ते १० एवढाच रस्ता द्या, साप नाही, शिडी नाही. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रामाणी यांनी बालवाडीच्या वयाच्या गरीब घरांतल्या मुलांना अशीच १ ते १० ची पट्टी खेळायला दिली. २००८ मध्ये त्यांनी ते काम प्रसिद्ध केलं. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, एवढंच. त्या मुलांची संख्यांची समज वाढली आणि नऊ आठवड्यांनीही ती टिकून होती. ज्या मुलांना तसाच पण आकड्यांऐवजी रंगांचा पट दिला होता त्यांच्यात हा फरक दिसला नाही. खेळ तोच, मजा तीच, फरक एवढाच की घरात आकडा होता.

नियम बदला, पण एकच

मुलांना येत असलेल्या खेळात एका वेळी एकच नियम घाला. मी पहिल्या वर्षी एकदम पाच घातले होते आणि तासभर फक्त भांडणं सोडवली.

पहिल्या आठवड्याचा नियम हा: सोंगटी सरकवताना ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं नाही, ज्या घरावर पाय ठेवाल त्या घराचं नाव घ्यायचं. ३७ वर आहात, पाच पडले, तर ‘अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस’. वरवर किरकोळ वाटतं. पण सगळं शिकणं याच बदलात आहे. एलिडा लास्की आणि सीगलर यांनी पुढे शंभरापर्यंतच्या पटावर हेच तपासलं, तेव्हा घरातल्या आकड्यापासून पुढे मोजत जाणारी मुलं दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांपेक्षा जास्त शिकली.

सोबत एक जुनी खोड मोडावी लागते. पुष्कळ मुलं ज्या घरावर उभी आहेत तेच घर ‘एक’ म्हणून मोजतात आणि एक घर मागे राहतात. याला चूक म्हणून ओरडू नका. फरशीवर खडूनं पाच चौकोन काढा, मुलाला पहिल्यात उभं करा आणि ‘तीन उड्या मार’ म्हणा. तिथे कुणी चुकत नाही. उडी मोजायची, उभं राहिलेलं घर नाही, हे पायांना कळलं की बोटांना कळतं.

चुकलं तर काय? बाद नाही, डाव जात नाही. गटातलं कुणीही ‘थांब’ म्हणेल आणि सोंगटी मागे ठेवून पुन्हा चालायचं. बस.

एकदा असं झालं. मागच्या बाकावरची एक मुलगी, वर्गात तोंड न उघडणारी. ३७ वर तिची सोंगटी, पडले पाच. ती म्हणाली, ‘अडतीस, एकोणतीस...’ शेजारचा मुलगा म्हणाला, ‘थांब. एकोणतीस खाली गेलं की! तू मागं चाललीस का?’ ती पटाकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही, जीभ आवरून धरली म्हणा. तिनं पुढच्या घरावर बोट ठेवलं. ‘हे चाळीस.’ मग बोट एक घर मागे. ‘याच्या एक आधी... एकोण-चाळीस.’ तिनं तो शब्द तोडून म्हटला, आणि एकोण म्हणजे एक कमी हे त्या दोघांनी मला न विचारता शोधून काढलं. पुढे त्याच गटानं ९९ ला ‘एकोणशंभर’ ठरवलं. मी त्यांना नव्व्याण्णव सांगितलं खरं, पण मनातून एकोणशंभरच मला जास्त शहाणं वाटलं.

पहिला नियम अंगवळणी पडला की दुसरा: सोंगटी उचलायच्या आधी कुठल्या घरात जाणार ते सांगायचं, मग चालून ताडून बघायचं. इथे मोजणं सुटून बेरीज सुरू होते. तिसरा, जमलंच तर: दोन फासे, आणि त्यांची बेरीज घ्यायची की वजाबाकी हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. समोर साप दिसत असला की पोरं वजाबाकी इतक्या आवडीनं करतात की विचारू नका.

तास कसा जातो

आदल्या दिवशी घरी किंवा मधल्या सुट्टीत दुसऱ्या बाईंबरोबर एक डाव पूर्ण खेळून बघा. नियमातली भोकं तेव्हाच दिसतात. एका घरात दोन सोंगट्या आल्या तर? शंभरला नेमकं दान लागतं की जास्त चालतं? हे वर्गात ठरवायला गेलात तर सव्वीस जणांची सव्वीस मतं येतात.

एका पटावर चारच मुलं. पाच झाली की पाळी येईपर्यंत कुणीतरी दुसऱ्याच्या वेण्या ओढतं. पट कमी असतील तर एका सोंगटीवर दोघं बसवा, एकानं फासा टाकायचा, दुसऱ्यानं चालायचं. चौघांत एक पक्का, एक अगदी कच्चा असा मेळ सहसा चालतो, पण पक्का मुलगा दादागिरी करणारा असेल तर त्याला सरळ दुसऱ्या पक्क्या मुलांबरोबर बसवा.

पहिली पाच मिनिटं एकच गट मध्ये बसवून सगळ्यांसमोर डाव दाखवायचा. तोंडी नियम सांगत बसू नका, कुणी ऐकत नाही. मग वीस मिनिटं खेळ. शंभराचा डाव वीस मिनिटांत संपेलच असं नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाका: घंटा वाजली की जो सगळ्यात पुढे तो जिंकला. म्हणजे मग शेवटी ‘कोण किती पुढे’ याचीही तुलना होते. ६८ पुढे की ८६, यावर एकदा दोन मुलं हमरीतुमरीवर आली होती. त्या भांडणाइतकं चांगलं उदाहरण मी फळ्यावर कधी लिहिलं नाही.

त्या वीस मिनिटांत तुम्ही काय करायचं? वह्या तपासायच्या नाहीत. चुका दुरुस्त करत फिरायचंही नाही, ते काम गट करतो. एक छोटी वही घेऊन रोज दोनच गटांजवळ बसा आणि कोण कुठल्या आकड्यावर अडखळलं ते लिहा. ‘४९ ला एकोणचाळीस.’ ‘साठीनंतर गप्प.’ ‘फाशाचे ठिपके अजून एकेक मोजतो.’ लेखी चाचणी घेऊन मला एवढं कधी कळलं नाही.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. नवे शिक्षक हीच गमावतात, कारण खेळ रंगात आलेला असतो आणि मुलं ‘बाई, अजून पाच मिनिटं’ म्हणतात. नाही म्हणा. पट तसेच ठेवून सगळ्यांना फळ्याकडे वळवा आणि खेळातलेच प्रश्न विचारा. एक मुलगी ८४ वर आहे, ८७ वर साप, तिला कुठलं दान नको? ३४ वरून तीन दशकांची शिडी मिळाली तर कुठे? खेळताना मुलांनी जे हातानं केलं ते इथे वहीत उतरतं. हे राहिलं तर मुलं घरी जाऊन ‘आज खेळलो’ म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

पालकांचा प्रश्न येणारच. ‘बाई, घरी खेळतंच की, शाळेत कशाला?’ त्यांना राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगून उपयोग नाही. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी केंद्रानं फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळण्यांचा ‘जादुई पिटारा’ काढला, हे सांगूनही ती समजूत पटत नाही. (वरिष्ठांसमोर मात्र ही दोन नावं जरूर घ्या, काम होतं.) पालकांना पटावर बसवा. एका पालकसभेत मी बोलण्याऐवजी पट मांडले. ‘घराचं नाव घेऊन चाला’ म्हटल्यावर दोन वडील ६९ वर अडले आणि त्यांच्याच मुलांनी ‘थांबा पप्पा’ म्हणून त्यांना मागे नेलं. नंतर त्या घरांतून तक्रार आली नाही.

पट नसेल त्या दिवशी

० ते ९ आकड्यांची पत्ती कापून घ्या. प्रत्येकानं वहीत दोन चौकोन काढायचे, दशक आणि एकक. एक पत्तं उघडायचं. तो आकडा कुठल्याही एका चौकोनात लगेच लिहायचा, नंतर बदल नाही. मग दुसरं पत्तं. ज्याची संख्या मोठी त्याला एक चिंचोका. पहिल्यांदा ९ आला तर सगळे दशकात लिहितात, १ आला तर एककात. खरी गंमत ५ आला की होते. वर्ग शांत. पेन्सिली हवेत. मी तेव्हा एवढंच विचारते, ‘गठ्ठ्यात पाचापेक्षा मोठी किती पत्ती उरली, लहान किती?’ मोठी चार, लहान पाच. हळूहळू मुलं स्वतःच बोटं मोजायला लागतात.

भाषेसाठी शब्दांच्या भेंड्या आहेतच, फक्त ण आणि ळ आले की न आणि ल चालेल हे आधी ठरवा, नाहीतर ‘बाण’ नि ‘फळ’ म्हणणारा गडी दर वेळी जिंकतो. मोबाइलवरच्या गणिताच्या खेळांबद्दल मला फार सांगायचं नाही. सरावाला ते ठीक. पण तिथे चुकल्यावर लाल फुली येते, ‘तू मागं चाललीस का?’ असं कुणी विचारत नाही.

पट ठेवताना गुंडाळून ठेवा, घडी घालू नका. आमच्या पहिल्या पटाची मी घडी घातली आणि पावसाळा संपेपर्यंत ६१ ते ७० ची अख्खी ओळ रंगासकट सोलून निघाली. नवा करायचा म्हणून तो बाजूला ठेवला होता, तर मुलांनी तोच काढून घेतला. कोऱ्या घरांवरून सोंगटी नेताना ती नावं आठवून घेत होती, ‘एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट’, आणि शंका आली की खालच्या ओळीत बोट लावून वर मोजत होती. नवा पट मी मग केलाच नाही. दर महिन्याला एकेक ओळ पांढऱ्या रंगानं पुसत गेले. आता खालच्या तीन ओळी आणि दशकांचे आकडे एवढंच शिल्लक आहे, पुढच्या सोमवारी २१ ते २९ जातील.